शिडाच्या होडीवर टकळी आणि सुया: मे महिन्याच्या सुट्टीसाठी

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईच्या बंदरात शिडाच्या होडीवर जायचे बेत आता बऱ्याच घरांत होतात. कुणी गेटवेसमोरून दोन तासांची फेरी मारतं, कुणी मांडव्याला जाऊन नांगर टाकतं, कुणी ओळखीच्या माणसाबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने मुरुडपर्यंत उतरतं. शिडावरच्या प्रवासात बसून राहण्याचा वेळ भरपूर असतो. वारा पडला की होडी तासभर एका जागी डुलत राहते. या वेळात हाताला सूत आणि सुया असल्या तर सहलीला वेगळीच गोडी येते. ज्यांनी सूत कातायची टकळी कधी धरलेली नाही आणि सुयांवर फार तर शाळेत चार ओळी विणल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्या समुद्रावर कापूस न्यायचा, लोकर नाही.

कापूसच का

थंड देशांतली माणसं होडीवर लोकर नेतात, कारण तिथे रात्री अंगावर घ्यायला लोकरच लागते. मुंबईत एप्रिल-मेमध्ये पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो आणि हवा इतकी दमट, की लोकर घामेजल्या बोटांना चिकटते, सुईवरून सरकत नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर तर जाडीभरडी आणि राठ. घोंगडीला ती उत्तम, पण भर उन्हात मांडीवर घेऊन बसण्याजोगी नाही.

कापसाला मात्र ही हवा मानवते. कापसाचा तंतू ओलसर झाला की अधिक चिवट होतो, लोकरीचा कमजोर पडतो. कोरड्या हवेत सुती धागा कातताना सारखा तुटतो, दमट हवेत टिकतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवच्या पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली आणि पुढे परळ-लालबागपर्यंत चिमण्या उभ्या राहिल्या. त्यामागे बंदर आणि भांडवल तर होतंच, शिवाय ही दमट हवाही होती. गिरण्यांना जी हवा फळली, तीच होडीवर तुमच्या टकळीला मिळते.

फक्त दमट हवा वेगळी आणि खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वेगळे. शिंतोडे पडले की पेळूचे, म्हणजे कातायच्या कापसाच्या वळकटीचे, तंतू एकमेकांना चिकटून गोळा होतो. वर मीठ सुकलं तरी हवेतली ओल ओढत राहतं आणि तो कापूस कधी धड वाळत नाही. म्हणून कापूस नेहमी झाकणाच्या डब्यात.

काय न्यायचं

टकळी म्हणजे खाली पितळी चकती आणि वर आकडा असलेली वीतभर लोखंडी काडी. ज्यांचं शिक्षण खादीच्या काळात झालं त्यांच्या घरात एखादी अजून सापडेल, आजी-आजोबांना विचारून पाहा. नाही तर खादीचं काम करणाऱ्या संस्थांकडून मागवता येते. दोन घ्या, कारण होडीवर हातातून सुटलेली टकळी समुद्रात जाते. तिथूनच पेळूही मिळतात. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या सैल, बोटाएवढ्या वळकट्या. औषधाच्या दुकानातला कापूस नेऊ नका. धुऊन त्याचा नैसर्गिक मेणचटपणा गेलेला असतो, त्याच्यावर नवखा हात चालत नाही. घरात वातींसाठी देवकापूस असेल तर तो चालतो, पण सरकी काढून, हाताने नीट मोकळा करून.

चरखा बघितल्याशिवाय कातण्याचं मर्म कळत नाही असं वाटत असेल तर गावदेवीला लॅबर्नम रोडवरचं मणिभवन बघून या. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम तिथे असे, आणि तिथे चरखेही मांडून ठेवलेले आहेत. पेटीत मिटणारा चरखा होडीवर न्यायचा मोह होईल. नांगरलेल्या मोठ्या होडीवर तो ठीक आहे, चालत्या होडीवर त्याला सपाट जागाच मिळत नाही.

सुया घेताना गोल सुई घ्या, म्हणजे मधे वायर असलेली. दोन टोकं एकमेकांना जोडलेली असल्याने एक सुई पाण्यात आणि एक हातात अशी पाळी येत नाही, आणि शेजाऱ्याच्या बरगडीत टोकही जात नाही. बांबूची सर्वात चांगली. खाऱ्या हवेत लोखंडाला गंज चढतो आणि तो गंज पांढऱ्या सुतावर उतरतो. दुकानात जुन्या नंबरांनी मागितलं तर 'आठ नंबर' म्हणजे ४ मिलिमीटर. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे लक्षात ठेवा, नाही तर 'मोठा नंबर द्या' म्हणून नेमकी पातळ सुई घरी येते. सुती दोऱ्याचे ५० ग्रॅमचे दोन गुंडे पुरेत, फिक्या रंगाचे. गडद रंगात उन्हाच्या तिरिपीने टाके दिसत नाहीत.

याशिवाय घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा, अर्धी करवंटी, जुना सुती पंचा, बोथट टोकाची छोटी कात्री, मोठ्या सेफ्टी पिना, क्रोशाची एक सुई आणि बंद लावायची कापडी पिशवी. आलेपाकाच्या वड्याही बरोबर असू द्या. कशाला, ते पुढे येतंच.

आधी घरी, मग लोकलमध्ये, मग लाँचवर

होडीवर जाऊन शिकायला सुरुवात करू नका. तिथे पायाखालची जमीन हलते, वारा असतो, बोलायला माणसं असतात. हात आधी तयार हवा.

घरी आठवडाभर रोज अर्धा तास बसा. त्यानंतर लोकल. डब्यात बायका विणत बसलेल्या आपण नेहमी पाहतो. गाडीच्या धक्क्यात न बघता टाके घालण्याचा सराव याहून चांगल्या जागी होणार नाही. गर्दीची वेळ सोडून खिडकी मिळेल अशी गाडी पकडा आणि नजर बाहेर ठेवून विणा. मग गेटवेहून घारापुरीची लाँच घ्या (सोमवारी लेणी बंद असतात). जायला साधारण तास लागतो. त्या तासात तुम्हाला बोट लागते का, आणि लागली तर खाली बघण्याने किती वाढते, हे नक्की कळतं.

टकळीवर पहिला धागा

वाती वळलेल्या हाताला हे लवकर येतं. लांब वात करताना आपण एका हाताने कापूस हलकेच ओढतो आणि दुसऱ्या हाताने मांडीवर पीळ देतो. टकळीवर हेच करायचं, फक्त पीळ देण्याचं काम काडीकडे जातं.

बैठक मारून बसा. मांडीवर पंचाची घडी, तिच्यावर करवंटी, करवंटीत टकळीचं खालचं टोक. टकळी हवेत लोंबती ठेवून कातायची पद्धत असली तरी होडीवर ती उपयोगाची नाही. होडी डुलली की टकळी लंबकासारखी हेलकावे घेते आणि तिच्या वजनाने कोवळा धागा तुटतो. करवंटीत टेकलेली टकळी धाग्यावर भार टाकत नाही. आपल्या कापसाचा तंतू जेमतेम इंचभर लांब असतो, त्याला भार सोसत नाही.

तयार सुताचा हातभर तुकडा चकतीच्या वर काडीला बांधा, काडीभोवती वर वर गुंडाळत नेऊन आकड्यात अडकवा. मोकळं टोक दोन-तीन इंच विस्कटून पेळूच्या तोंडाशी ठेवा. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत पेळू अलगद धरा, चिमटीत पिसू धरल्यासारखा दाबू नका. उजव्या हाताच्या चिमटीने काडी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. बोटं घामाने सरकत असतील तर चिमटीला खडूची पूड लावा. पीळ वर चढत येतो, विस्कटलेल्या टोकाला पेळूतले तंतू बिलगतात. आता डावा हात हळूहळू मागे न्या. पेळूच्या तोंडातून धागा निघताना दिसेल. पहिल्यांदा तो दिसतो तेव्हा हात आपोआप थांबतो, तिथे थांबू नका. काडी फिरत असेपर्यंत हात मागे जात राहिला पाहिजे.

हातभर धागा निघाला की डावा हात थांबवा आणि काडी आणखी थोडी फिरवून जादा पीळ द्या. कापसाला लोकरीपेक्षा पुष्कळ जास्त पीळ लागतो, नवखे हमखास इथे कमी पडतात. मग धागा आकड्यातून सोडवून चकतीच्या वर गुंडाळा, शेवटचा वीतभर पुन्हा काडीवरून वर चढवून आकड्यात अडकवा, आणि पुढचा हात. गुंडाळून गुंडाळून काडीवर जी फुगीर लडी तयार होते ती कुकडी. कुकडी मधे फुगीर आणि वर निमुळती ठेवा, म्हणजे नंतर उलगडताना अडकत नाही.

धागा सांगतो काय चुकतंय ते. हळूच तुटून दोन्ही टोकं मऊ, झुबकेदार राहिली तर पीळ कमी आहे. धागा सैल सोडताच सापासारखा गुंडाळला जाऊन गुठळ्या करतो, तर पीळ जास्त. मधेच जाड गाठ आली तर तिच्या दोन्ही बाजूंना चिमटीत धरून पीळ थोडा उलटा सोडवा आणि हलकेच ताणा; गाठ पातळ होते. धागा तुटला तर गाठ मारू नका. दोन्ही टोकं विस्कटा, एकमेकांवर ठेवा, पुन्हा पीळ द्या.

पहिले काही दिवस सूत जाडबारीकच येणार. ते फेकू नका, पुढे त्याचा उपयोग आहे.

वाऱ्याकडे बघून कामाची वेळ ठरवा

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते इथे कामाला येतात. मे महिन्यात सकाळी बंदरात वारा मंद असतो, जमिनीकडून येतो किंवा पडलेला असतो. उन्हं तापली, जमीन गरम झाली, की दुपारी पश्चिमेकडून खारा वारा उठतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो.

म्हणून कातायचं सकाळी. होडी जवळपास स्थिर असते, कापूस उडत नाही, हवेत रात्रीची ओल असते. दुपारी वारा भरला की शिडाचं काम सुरू होतं, होडी एका अंगावर कलते. त्या वेळी टकळी डब्यात आणि डबा खाली. ज्यांच्याकडे दोराचं काही काम नाही त्यांनी फार तर सुया हातात ठेवाव्यात. संध्याकाळी मांडव्याला किंवा आणखी कुठे नांगर पडला की निवांत विणावं.

भरती-ओहोटीचं कोष्टक सकाळीच बघून ठेवा. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, तेव्हा बंदराच्या तोंडाशी पाण्याला ओढ बरीच असते. ओहोटीचं पाणी बाहेर चाललंय आणि समोरून खारा वारा आत येतोय अशी गाठ पडली, की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तेव्हा विणकामही ठेवून द्या. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, "ताई, आवरा आता, वारा आला" म्हणाला की ओळ पुरी करायलाही थांबायचं नाही. "हो दादा" म्हणायचं आणि सगळं पिशवीत.

बोट लागणाऱ्यांनी डोलकाठीच्या बुडाशी, होडीच्या मध्यावर बसावं. तिथे हालचाल सर्वात कमी जाणवते. नजर क्षितिजावर, आणि तोंडात आलेपाकाची वडी. नक्षीचा कागद वाचत टाके मोजणं हा पोट ढवळण्याचा सर्वात सोपा मार्ग आहे, म्हणून होडीवर नक्षी न्यायचीच नाही.

काय विणायचं

चौकोनी रुमाल. सगळ्या ओळी सुलट. उलट टाक्याची गरज नाही, मोजायचं काही नाही, दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. आठ नंबरच्या सुईवर मध्यम जाडीच्या सुती दोऱ्याने ४० टाके घातले की साधारण २० सेंटिमीटर रुंदी येते. उंची तेवढी झाली की टाके बंद. एका रुमालाला एक गुंडा जवळपास पुरतो. तोंड पुसायला, चष्मा पुसायला, गरम कप धरायला असे रुमाल होडीवर सारखे लागतात, त्यामुळे पहिला विणून होताच वापरातही येतो.

टाके घरूनच घालून, दोन बोटं विणून न्या. हलत्या होडीवर टाके घालणं नवख्याला जड जातं. दोरा तर्जनीवरून एकदाच घ्या. पकड यावी म्हणून बोटाला दोन-तीन वेढे देण्याची सवय इथे मोडा. दोरा कुठे अडकून हिसका बसला तर बोट कापतं.

कापूस लोकरीसारखा धरून राहत नाही, त्यामुळे सुटलेला टाका भराभर खाली उसवत जातो. टाका सुटलेला दिसला की सगळं जागच्या जागी थांबवा आणि त्या फासात सेफ्टी पिन घाला. बस. चालत्या होडीवर एवढंच करायचं. नांगर पडल्यावर विणलेलं मांडीवर पसरा. सुटलेल्या फासाच्या वर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे दोरे दिसतील. क्रोशाची सुई फासात घाला, लगतची वरची पायरी पकडून फासातून ओढून घ्या. सगळ्या ओळी सुलट असल्याने एक पायरी पुढच्या बाजूने आणि दुसरी मागच्या बाजूने ओढावी लागते, म्हणजे प्रत्येक पायरीला काम उलटवायचं. घाई नको. शेवटचा फास सुईवर परत चढवला की कुणाला सांगूनही कळणार नाही कुठे सुटला होता.

होडीचे काही नियम

होकायंत्राजवळ टकळी आणि लोखंडी सुया ठेवायच्या नाहीत. लोखंडाने त्याचा काटा हलतो आणि सुकाणूवरच्या माणसाला खोटी दिशा दिसते. बांबू आणि ॲल्युमिनियमने तसं होत नाही, तरी सवय म्हणून सगळी पिशवीच दूर ठेवा.

लाइफ जॅकेट घातलेलंच हवं, आणि त्यात सुई खोचून ठेवायची नाही. हवेने फुगणारं जॅकेट असेल तर एका भोकाने ते निकामी होतं. बसायच्या गादीत तर सुई अजिबात नको.

गुंडा पिशवीत, पिशवीचा बंद होडीच्या कठड्याला. मोकळा दोरा कप्पीत किंवा दोरखंडांत गेला तर ऐन वेळी शीड अडकतं. बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, एका बाजूकडून दुसरीकडे जाते तेव्हा मान खाली हवी, आणि विणताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. म्हणून बूमच्या वाटेत बसूच नका. वाऱ्याच्या बाजूला बसलात तर शिंतोड्यांपासून जपा, पलीकडच्या खालच्या बाजूला बसलात तर पाण्यावर लक्ष ठेवा.

दोऱ्याचे कापलेले तुकडे समुद्रात टाकू नका. बाजारात लोकर म्हणून मिळते त्यातली बरीचशी ॲक्रिलिक असते, म्हणजे प्लास्टिकच, ती पाण्यात कुजत नाही. सुती तुकडेसुद्धा होडीच्या इंजिनाच्या पंख्यात गुंडाळले जातात. त्यांच्यासाठी डब्यात एक कप्पा करा.

सनस्क्रीन लावून लगेच पेळू हातात घेतला तर कापूस तेलकट होतो. तळवे पंचाला पुसून, सुकू देऊन मगच काम.

घरी परतल्यावर

सर्वात आधी टकळीची काडी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा, खोबरेलाचा हात फिरवा. पुढच्या वेळी कातण्याआधी ते तेल चांगलं पुसून टाका. विणलेला रुमाल गोड्या पाण्यात दोनदा खळबळा, मीठ राहू देऊ नका.

कुकड्यांवरचं सूत असंच विणायला घेतलं तर पीळ उलगडताना विणकाम तिरकं होतं. दोन कुकड्यांचे धागे एकत्र घेऊन टकळी उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्याविरुद्ध फिरवून दुपेडी सूत करा. दोन्ही पीळ एकमेकांना तोलतात. हे दुपेडी सूत उलट्या ठेवलेल्या स्टुलाच्या पायांभोवती गुंडाळा, चार ठिकाणी सैल बांधा, आणि ती लडी साबणाचा चुरा घातलेल्या पाण्यात अर्धा तास उकळा. कापसाला उकळणं चालतं, पीळ त्यातच बसतो. मग धुऊन, खाली थोडं वजन अडकवून सावलीत वाळत घाला.

टकळीचं सूत दुपेडी करूनही बारीकच असतं, आठ नंबरच्या सुईवर एकटं विणलं तर जाळी होते. ते विकतच्या सुती दोऱ्याबरोबर जोडीने धरा आणि दुसऱ्या रुमालाच्या शेवटच्या दहा ओळी विणा. जाडबारीक सूत इथे फार सुंदर दिसतं, काठाला आपोआप पोत येतो.

मेच्या उत्तरार्धात समुद्र खवळू लागतो, १ जूनपासून कोळी बांधवांचीही मासेमारी बंद असते. शिडाच्या होड्या पावसाळा संपेपर्यंत बाहेर निघत नाहीत. उरलेले पेळू तोवर डब्यात ठेवू नका, जूनच्या ओलीत कापसाला बुरशी धरते. पावसाच्या आधीच घरी बसून ते कातून टाका.